अण्णांना पुढच्या सीटवर बसवा

वाचकाचं पत्र:

ताई, आम्ही सांगलीत विश्रामबागला राहतो. डिसेंबरातल्या एका रविवारी साताऱ्याला जाऊन त्याच दिवशी परत यायचं ठरतंय. आम्ही सातजण आहोत. सासूबाई, सासरे, हे, मी, नणंद, आठवीतली मुलगी आणि तिसरीतला मुलगा. यांनी यादी काढलीय: अजिंक्यतारा, सज्जनगड, कास, ठोसेघर, बारामोटेची विहीर, संग्रहालय, राजवाडा आणि येताना कंदी पेढे. गेल्या वर्षी अशाच एका सहलीत सासूबाईंचा गुडघा सुजला, मुलाला घाटात उलट्या झाल्या, जेवायला साडेतीन वाजले आणि परत येताना गाडीत कुणी कुणाशी बोललं नाही. मी पहाटे साडेतीनला उठून केलेल्या पोळ्या तशाच परत आल्या. सासरे 76 वर्षांचे आहेत. आत्तापासूनच म्हणतात, ‘तुम्ही जाऊन या, मी घर सांभाळतो.’ खरं तर शाळेत असताना ते चार वर्षं साताऱ्यात रयत शिक्षण संस्थेच्या बोर्डिंगमध्ये होते. कधीतरी धनिणीच्या बागेचं नाव काढतात, पुढं काही सांगत नाहीत. सगळ्यांचं मन राखून ही सहल कशी करायची?
– एक सून, सांगली

उत्तर:

तुमच्या पत्रात सात ठिकाणांची यादी आहे आणि आठवं ठिकाण पत्राच्या शेवटी, जाता जाता आलंय. धनिणीची बाग, म्हणजे त्यांचं बोर्डिंग जिथं आहे ती जागा. मला विचाराल तर सहल तिथूनच सुरू करा. ज्या गावात अण्णांनी (मी त्यांना अण्णा म्हणते, तुम्ही काय हाक मारता ते लिहिलेलं नाही) चार वर्षं काढली, त्या गावाला तुम्ही सहाजण मोबाईलवर रस्ता शोधत फिरणार आणि रस्ता माहीत असलेला माणूस घरी कुलूप सांभाळत बसणार, हे काही बरोबर नाही.

‘तुम्ही जाऊन या’ याचा अर्थ त्यांना यायचं नाही असा घेऊ नका. या वयाची माणसं असं म्हणतात तेव्हा त्यांच्या मनात बहुतेक दोन गोष्टी असतात. एक, आपल्यामुळे सगळ्यांना थांबावं लागेल. दुसरी, दर दीड-दोन तासांनी लघवीला जावं लागतं, ते सुनेसमोर सांगायचं कसं. म्हणून मग ते सकाळपासून पाणीच पीत नाहीत आणि दुपारी डोकं दुखतं म्हणून गप्प बसतात. थांबे आधी ठरवून टाका आणि सगळ्यांसमोर सहज सांगून टाका: ‘कराडला चहाला थांबायचंय, मग साताऱ्यात शिरताना एकदा.’ कुणासाठी थांबतोय हे बोलायचंच नाही.

आता यादी. सांगलीहून साताऱ्याला पेठ नाक्यावरून, कराडमार्गे सव्वाशे किलोमीटरच्या आसपास अंतर पडतं. चहापाणी धरून पावणेतीन तास जायला, तेवढेच यायला. म्हणजे दिवसाचे साडेपाच तास गाडीतच गेले. डिसेंबरात अंधार लवकर पडतो, सहाच्या सुमाराला सूर्य मावळतो. साताऱ्यात तुमच्या हातात उरतात जेमतेम आठ तास, आणि त्यात जेवणही आलं.

कास तर सरळ खोडा. कासच्या फुलांचा हंगाम ऑगस्टच्या अखेरीपासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंतचा. डिसेंबरात तिथं वाळलेलं गवत आणि कातळ बघायला यवतेश्वरचा घाट चढून पंचवीस किलोमीटर जायचं आणि मुलाला पुन्हा उलट्या करवायच्या, कशासाठी? ठोसेघरच्या धबधब्याचंही तेच, पाणी आटत आलेलं असतं. ही दोन ठिकाणं गेली की घाटही गेला. सांगली ते सातारा रस्त्यात घाट नाही, त्यामुळे तुमच्या मुलाचा अर्धा प्रश्न इथंच सुटतो. उरलेल्या अर्ध्यासाठी निघताना त्याला दुधाचा पेला भरून देऊ नका.

सज्जनगड खोडताना माझाही हात अडतो, कारण सासूबाईंच्या मनात तेच असणार. पण गाडीतळापासून वर पायऱ्या चढाव्या लागतात. सुजलेला गुडघा, मागं घाई करणारी गर्दी आणि घड्याळाकडं बघणारा मुलगा, अशा वेळी समर्थांच्या समाधीपुढं डोळे मिटून दोन मिनिटं तरी उभं राहता येईल का? सज्जनगडाला सासूबाईंना वेगळं घेऊन जा, तुम्ही दोघी आणि नणंद. गडावर राहायची सोय आहे, प्रसादाचं जेवण आहे. संध्याकाळी हळूहळू चढायचं, रात्री राहायचं, पहाटेची काकड आरती करून उतरायचं. हे त्यांना आत्ताच सांगा, महिना ठरवून सांगा, म्हणजे ‘माझंच तेवढं राहिलं’ असं त्यांना वाटणार नाही.

बारामोटेची विहीर लिंब गावात, साताऱ्याच्या पुढं पुण्याच्या बाजूला. 1719 ते 1724 या काळात वीरूबाई भोसल्यांनी बांधून घेतलेली, अष्टकोनी, एका वेळी बारा मोटा चालतील अशी. आत उतरलं की दगडी महाल लागतो. बघावी अशीच आहे, पण वाई-मेणवलीच्या दिवसाला जोडून. या रविवारी नको.

एवढं खोडल्यावर यजमान नाराज होतील. यादी त्यांनी हौसेनं केलीय, चारचौघांत, आई-वडिलांसमोर ती खोडू नका. रात्री दोघंच असताना बोला आणि किल्ला त्यांच्या ताब्यात देऊन टाका. अजिंक्यताऱ्यावर कधी चढायचं, कुठं उभं राहायचं, मुलांना काय सांगायचं, सगळं ते ठरवतील. गाडी तेच चालवणार असतील तर अडीचशे किलोमीटर चालवणाऱ्या माणसाला दुपारी अर्धा तास पाठ टेकायला मिळायलाच हवी, तेही त्यातच बोलून घ्या.

आता मी अण्णांकडं परत येते.

माझे वडीलही त्याच बोर्डिंगचे. काही वर्षांपूर्वी आम्ही सगळे त्यांना घेऊन साताऱ्याला गेलो होतो. गावात शिरल्यापासून ते म्हणत होते, ‘इकडनं घे, इकडनं.’ मी म्हणाले, ‘येताना बघू, आधी किल्ला करू, ऊन व्हायच्या आत.’ किल्ला झाला, जेवण झालं, पेढे झाले, आणि येताना अंधार पडला. वडील एका शब्दानं काही बोलले नाहीत. दोन वर्षांनी आम्ही पुन्हा गेलो, फक्त तेवढ्यासाठी. तोवर काचबिंदूनं त्यांची नजर बरीचशी गेली होती. गाडीतून उतरले, माझा हात सोडला, भिंतीला तळवा लावला आणि मोजून पावलं टाकल्यासारखे चालत गेले. थांबून म्हणाले, ‘इथं डाव्या अंगाला हौद होता. थंडीच्या दिवसांत पहाटे त्यातलं पाणी अंगावर घ्यायचो.’ तिथं हौद आहे की नाही हे त्यांना दिसत नव्हतं. मी त्यांना तो बघायच्या वेळी आणलंच नव्हतं. म्हणून सांगते, अण्णांचं ठिकाण सकाळी, सगळ्यात पहिलं. ‘येताना बघू’ म्हणू नका.

मुलांना आदल्या दिवशी थोडं सांगून ठेवा, नाहीतर त्यांना ते एक वसतिगृहच दिसेल. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 साली कराडजवळच्या काल्याला रयत शिक्षण संस्था काढली आणि 1924 मध्ये ती साताऱ्याला आणली. इथल्या बोर्डिंगात सगळ्या जातींची पोरं एका पंक्तीत जेवायची. त्या काळात ही साधी गोष्ट नव्हती, गावोगावचे लोक यावरूनच खवळायचे. 1927 साली गांधीजी इथं आले आणि त्यांच्या हस्ते बोर्डिंगला कोल्हापूरच्या छत्रपती शाहू महाराजांचं नाव दिलं गेलं. पोरांच्या पोटाला कमी पडलं तेव्हा कर्मवीरांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने विकले, शेवटी मंगळसूत्रसुद्धा. मुलांना हे सांगताना तुमच्या मुलीच्या तोंडाकडं बघा. मोबाईल खाली ठेवला जाईल.

कर्मवीर 1959 च्या मे महिन्यात गेले. तुम्ही लिहिलेलं वय धरलं तर अण्णा बोर्डिंगात आले ते त्यानंतर, म्हणजे त्यांनी कर्मवीरांना बहुधा पाहिलेलं नसणार. पण ज्यांनी पाहिलं होतं अशी माणसं तेव्हा त्यांच्या आजूबाजूला होती. ‘कमवा आणि शिका’ म्हणजे काय ते तुमच्या मुलांना कुठल्या पुस्तकापेक्षा अण्णा नीट सांगतील. हाताला कुदळीचे घट्टे कसे पडायचे, सुट्टीत घरी जायला एसटीचे पैसे नसले की काय करायचं, भाकरी मोजून मिळायची का पोटभर. फक्त विचारायचं मुलांनी, तुम्ही नाही. सुनेनं विचारलं की सासरा चार शब्दांत आटपतो, नातवानं विचारलं की तासभर बोलतो.

एक काळजी घ्या. बोर्डिंग आजही मुलांचं राहतं घर आहे. आधी फोन करून, माजी विद्यार्थी येतोय असं सांगून परवानगी घ्या, रविवारी आत जाऊ देतात का ते विचारा. आत गेल्यावर तिथल्या पोरांचे, त्यांच्या खोल्यांचे फोटो काढत सुटू नका. जाताना पोरांसाठी सांगलीचं भडंग न्या, चांगलं दोन-तीन किलो. अण्णांच्या हातानं द्या. तिथून कर्मवीरांच्या समाधीवर जा. तिथं सावली आहे, बसता येतं, आणि अण्णांना जितका वेळ बसावंसं वाटेल तितका बसू द्या. यजमानांना तेवढं सांगून ठेवा, की इथं कुणी ‘चला, चला’ म्हणायचं नाही.

यानंतर साडेअकराच्या सुमाराला माहुलीला निघा. ही सासूबाईंची जागा. गावापासून लांब नाही, पाच-सहा किलोमीटरच. कृष्णा आणि वेण्णा तिथं एक होतात. काठावरचं विश्वेश्वराचं देऊळ श्रीपतराव पंतप्रतिनिधींनी बांधलेलं, काळ्या दगडाचं, आत गेलं की पायाला गार लागतं. घाटाच्या सगळ्या पायऱ्या उतरायची गरज नाही, वरच्या टप्प्यावर बसूनही संगम दिसतो. सासूबाई सांगलीत गणपतीला गेल्या की घाटावर जात असतील, तीच कृष्णा ही. इथून निघालेलं पाणी कराडला कोयनेला भेटून मग तुमच्या आयर्विन पुलाखाली येतं. त्यांना हे सांगा, ओंजळभर पाणी डोळ्यांना लावतील आणि सज्जनगड राहिल्याचं दुःख थोडं हलकं होईल.

माहुलीत राजघराण्यातल्या समाध्या आहेत. थोरल्या शाहूंची, ताराराणींची आणि येसूबाईंची. मुलीला येसूबाईंबद्दल नक्की सांगा. संभाजीराजांची पत्नी, 1689 साली रायगड पडला तेव्हा मुघलांच्या हाती लागल्या आणि सुटून साताऱ्याला परत आल्या त्या 1719 मध्ये. सात वर्षांचा मुलगा, हेच थोरले शाहू, बरोबर नेला होता, तो आधीच सुटून छत्रपती झाला होता. तीस वर्षं. आठवीतल्या मुलीला तीस वर्षं म्हणजे किती हे कळायला तिला तुमच्याकडं बघू द्या. मुलासाठी शाहू महाराजांच्या लाडक्या कुत्र्याची म्हणून दाखवतात ती समाधी आहे, तो दुसरं काही बघणार नाही.

जेवण साडेबाराला, फार तर एकला. रविवारी एकनंतर चांगल्या खानावळीत रांगा लागतात. आणि पोळ्यांचं बोलते. पहाटे साडेतीनला उठणं या वेळी बंद. ज्या बाईला झोप मिळालेली नाही, तिची सहल सकाळी नऊलाच संपलेली असते, मग ती दिवसभर फक्त पिशव्या मोजते. न्यायचं ते एवढंच: अण्णांच्या किंवा आईंच्या पथ्याचं काही असेल ते, मुलाला सुकं खाणं, संत्री, आणि दशम्या हव्याच असतील तर नणंदेनं आदल्या रात्री कराव्यात. वन्संना थेट सांगा. ‘बघते मी’ म्हणून गप्प बसू नका, त्या तुमच्या घरच्याच आहेत. दुपारी साताऱ्यात भाकरी, पिठलं, खर्डा, ताक असं साधं जेवण घ्या, तेलकट नको, पुढं किल्ला आहे.

जेवणानंतर गाडी सावलीत लावून सगळ्यांनी अर्धा तास स्वस्थ बसा. मग राजवाडा. समोर गोलबाग आहे, आईंना तिथं बाकावर बसवा. वाडा प्रतापसिंह महाराजांच्या काळातला. याच वाड्यात भरणाऱ्या तेव्हाच्या सरकारी हायस्कुलात 7 नोव्हेंबर 1900 रोजी एका मुलाचं नाव दाखल झालं, भिवा रामजी आंबेडकर. तो दिवस आता महाराष्ट्रात विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात. रविवारी शाळा बंद, पण बाहेर उभं राहून हे वाक्य अण्णांना बोलू द्या, त्यांच्या तोंडी ते शोभेल. बोर्डिंगच्या पोरांना बाबासाहेब कोणत्या वाड्यात शिकले ते माहीत असणार.

आणि प्रतापसिंहांची गोष्ट अर्धवट सोडू नका. 1839 मध्ये इंग्रजांनी त्यांना गादीवरून काढून काशीला पाठवलं, 1847 मध्ये ते तिथंच गेले. पुढच्या वर्षी राज्यच खालसा झालं. त्यांचे वकील रंगो बापूजी गुप्ते महाराजांची बाजू मांडायला लंडनला गेले आणि एक-दोन नाही, जवळजवळ चौदा वर्षं तिथं झगडले. हात हलवत परत आले. 1857 मध्ये उठावाचा कट फुटला. 8 सप्टेंबरला साताऱ्यात गेंडामाळावर सतरा जणांना मारलं, कुणाला फाशी, कुणाला तोफेच्या तोंडी, कुणाला गोळ्या. त्यात रंगो बापूजींचा मुलगा सीताराम होता. रंगो बापूजी मात्र इंग्रजांना कधीच सापडले नाहीत. कुठं गेले, कुणाला कळलं नाही. तुमच्या मुलीला एवढंच सांगून थांबा. पुढचं ती स्वतः शोधेल.

संग्रहालय वेळ उरला तर. बसस्थानकाजवळ आहे. लंडनहून आलेली वाघनखं जुलै 2024 मध्ये पहिल्यांदा इथंच ठेवली होती, पण ती एका गावातून दुसऱ्या गावात फिरती आहेत, मुलाला ‘वाघनखं बघायला जाऊ’ असा शब्द देऊन बसू नका. दिवस बदलून सोमवार निवडलात तर संग्रहालय बंद मिळेल.

पेढे किल्ल्याच्या आधी घ्या, साडेतीनच्या सुमाराला. संध्याकाळी मोती चौकात आणि राजपथावर गाडी उभी करायला जागा मिळत नाही, आणि अंधारात, दमलेल्या माणसांना गाडीत बसवून केलेली खरेदी भांडणाला निमित्त होते. कंदी पेढा रंगानं तांबूस हवा. खवा मंद आचेवर बराच वेळ भाजलेला असला की तो रंग येतो, बोटानं दाबला तर किंचित रवाळ लागतो आणि साखर दाताखाली येत नाही. पांढुरका, ओलसर दिसला तर पुढच्या दुकानात जा. शेजाऱ्यापाजाऱ्यांचे वेगळे बांधून घ्या, म्हणजे घरच्या पुड्याला रस्त्यातच हात घालता येतो.

चारनंतर अजिंक्यतारा. गाडी दरवाजाजवळपर्यंत जाते, पुढं थोडी चढण चालायची. आई आणि अण्णांची इच्छा असेल तर दरवाजापर्यंत या, नसेल तर दोघांना नणंदेबरोबर गोलबागेत ठेवून उरलेले चौघं जा. पण हे त्यांना विचारून. ‘तुम्हाला जमायचं नाही’ असं आपण आधीच म्हणू नये. गुडघ्याला पट्टा, हातात काठी, आणि एक घडीचं स्टूल डिकीत ठेवलंत तर दरवाजाच्या कमानीत बसूनही वारा लागतो.

मुलाला तटावर उभं करून वेढ्याची गोष्ट सांगा. औरंगजेब स्वतः 1699 च्या डिसेंबरात या किल्ल्याखाली येऊन बसला. म्हणजे तुम्ही जाल तीच थंडी. किल्लेदार प्रयागजी प्रभू. चार महिने किल्ला हलला नाही. एप्रिलमध्ये मुघलांनी तटाखाली सुरुंग लावले. पहिला उडाला, त्यात प्रयागजी ढिगाऱ्याखाली गाडले गेले आणि जिवंत बाहेर काढले गेले. दुसरा उडाला तो उलटा, तट बाहेरच्या बाजूला कोसळला आणि खाली चढाईला तयार उभ्या असलेल्या मुघलांवरच पडला. राजाराम महाराज मार्चमध्येच सिंहगडावर वारले होते, त्यानंतर किल्ला सोडावा लागला. बादशहानं त्याला आजमतारा नाव दिलं. पुढं ताराराणींनी तो परत घेतला, आणि 1708 मध्ये शाहू महाराजांचा राज्याभिषेक साताऱ्यातच झाला. मंगळाईच्या देवळात नमस्कार करून तटावरून खाली बघा. सकाळपासून फिरलात ते सगळं एका नजरेत दिसतं. मुलाला बोर्डिंग कुठं ते शोधायला लावा.

सव्वासहाला गाडी उताराला लागली पाहिजे. कराडला एक थांबा, नऊ-साडेनऊला सांगली. रात्रीला मुगाची खिचडी, आणि ती यजमानांनी कुकरला लावावी.

आता राहतं ते अण्णांना हो म्हणायला लावणं. ‘चला ना, तुम्हाला बरं वाटेल’ असा आग्रह धरू नका, ते आणखी नको म्हणतील. पुढची सीट त्यांची आहे असं धरूनच चाला, तिथं दुसऱ्या कुणाचं नाव घालू नका. आणि या आठवड्यात रात्रीच्या जेवणाला सगळे बसले असताना, नातवाच्या तोंडून, वाढता वाढता एकच प्रश्न विचारवून घ्या: ‘आजोबा, पोवई नाक्यावरनं धनिणीच्या बागेला गाडी कुठनं वळवायची?’